रोज एकच काप

१

सकाळचे आठ वाजले, की कोकू मावशी बर्फाच्या ट्रेवरून मेणाचा पहिला ठोकळा उचलायची आणि मायक्रोटोमच्या, म्हणजे काप काढणाऱ्या यंत्राच्या, पकडीत बसवायची. एडिथा त्याआधीच स्टूल ओढून शेजारी बसलेली असे. मांडीवर चित्रांची वही, हातात दोन पेन्सिली, एक गुलाबी आणि एक निळसर जांभळी. पॅथॉलॉजी शिकणाऱ्यांना एवढे दोनच रंग पुरतात.

"शिकामो, मावशी," तिने रोजचा नमस्कार केला.

"मारहाबा. मला पगार मिळतो म्हणून मी येते. तुला काय मिळतं गं इतक्या सकाळी?"

"मिळेल एखादी सूज."

सुटी लागल्यावर मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची बाकीची पोरं गावोगाव पांगली होती. एडिथा मात्र म्वांझा शहरातच राहिली, कारण स्लाइडच्या परीक्षेत तिची दांडी उडाली होती. सूज होती तिथे तिने गाठ लिहिली आणि गाठ होती तिथे सूज. पॅथॉलॉजी शिकवणारे डॉक्टर कामुगिशा म्हणाले होते, "उत्तरं दोन्ही बरोबर आहेत तुझी, फक्त पत्ते चुकलेत." सप्टेंबरात फेरपरीक्षा होती. तोवर तिने लॅबमध्ये बसावं, दिसेल ते काढावं, असं त्यांनीच सुचवलं. आणि झालं उलटंच. शिक्षा म्हणून आलेली पोरगी तीन आठवड्यांत स्लाइडच्या प्रेमात पडली. जेवताना तिला मक्याच्या उगालीत पेशी दिसायच्या, असं तीच सांगायची.

मावशीने चाक फिरवलं. किर्र. पात्यावरून मेणाचा पापुद्रा सुटला, त्यात मधोमध नखाएवढा मांसाचा काप. चिमट्याने उचलून तिने तो कोमट पाण्यावर सोडला, पाण्यावर तो सुरकुत्या टाकून पसरला, आणि खालून काच घालून तिने तो अलगद उचलला.

हा कंट्रोलचा काप. दिवसभरात चाळीसेक रुग्णांचे काप रंगवायचे, पण आधी त्यांच्यासोबत एक ओळखीचा काप रंगवून बघायचा. तो नीट रंगला तर बाकीचेही नीट रंगले. इथे ओळखीचा म्हणजे म्झे लुगेंबेंचं अपेंडिक्स. तीस वर्षं ही लॅब चालवलेला माणूस, म्हणून सगळ्यांचा म्झे, म्हणजे वडीलधारा. अकरा वर्षांपूर्वी सर्जनने पोटदुखीवरून त्यांचं अपेंडिक्स काढलं आणि ते निघालं ठणठणीत. म्हाताऱ्याने वॉर्डातून स्वतः बाटली उचलून आणली, स्वतः मेणात बसवलं आणि जाहीर केलं, की एवढं निरोगी अपेंडिक्स तलावाकाठी दुसरं नाही, आजपासून हेच कंट्रोल. त्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. ठोकळा ठेवायच्या खणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून होती: रोज एकच काप.

"कंट्रोलचं चित्र काय काढतेस रोज?" मावशी म्हणाली. "त्याचा रंग बघायचा आणि ठेवून द्यायचा. तो कुणी वाचत नाही."

"म्हणूनच. परीक्षेत निरोगी ओळखता आलं तर आजारी ओळखू येईल ना?"

त्या दिवशी तिने वहीतली अकरा चित्रं उलटून पाहिली, सहज, रंग कुठे जास्त लागलाय ते बघायला. आणि तिचा हात थांबला. शुक्रवारच्या चित्रांत सूज होती. रक्तवाहिन्या फुगलेल्या, आणि भिंतभर न्यूट्रोफिल, तीन-तीन पाकळ्यांची जांभळी केंद्रकं, जखमेवर सगळ्यांत आधी धावून येणारी. सोमवारच्या चित्रांत सगळं निवलेलं. मंगळवारी थोडी, बुधवारी जास्त, शुक्रवारी कहर. पुन्हा सोमवारी शांत.

एका आठवड्यात गुरुवारीच सूज ओसरली होती. तिने तारीख पाहिली. आदल्या दिवशी नाने-नानेची, शेतकरी दिनाची, सुटी होती आणि लॅब बंद होती.

२

हे ती मावशीला सांगणार, तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली, आणि पुढचा तासभर एडिथाला अपेंडिक्सची आठवणही राहिली नाही.

कारण डॉक्टरांच्या, दोघांना एकदम बघता येणाऱ्या दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपखाली तिच्या आईची स्लाइड होती.

आई तिकडे उकेरेवे बेटावर, नान्सियोच्या बाजारात सुकी दागा मासळी विकायची. छातीतली गाठ तिने वर्षभर लपवली आणि मग एके दिवशी फोनवर सांगितली, तीही भाव सांगावा तशी. बेटावरच्या दवाखान्यात गाठ काढली, बाटली बोटीने इथे आली. तीन आठवडे एडिथा रोज रांगेतल्या ठोकळ्यांत आईचा नंबर शोधत होती. तिला विचारलंत तर परीक्षा, फेरपरीक्षा सगळं एकीकडे आणि हा एक ठोकळा दुसरीकडे.

"बस. बघ. आणि पत्ता चुकवू नकोस," डॉक्टर म्हणाले.

तिने बघितलं. आधी डोळ्यांत पाणी आल्याने काही दिसेना. मग दिसलं. दबून चपट्या झालेल्या नळ्या, त्यांच्या भोवती मऊ गुलाबी धागे, आणि सगळ्याला बाहेरून एक स्वच्छ कड.

"गाठ आहे," ती म्हणाली. "पण गरीब गाठ. फायब्रोअ‍ॅडेनोमा. आपल्या हद्दीत राहिली आहे. केंद्रकं सगळी एकसारखी, कुठेही घुसखोरी नाही."

"कॅन्सर?"

"नाही." आणि मग, स्वतःच्याच कानांना ऐकू यावं म्हणून, पुन्हा, "नाही, डॉक्टर."

"पास," डॉक्टर म्हणाले. "आणखी एक काप खोलातून घेऊन दे, तो बघतो आणि सही करतो. घाई नाही, शिस्त म्हणून."

एडिथा बोळातून पळत सुटली. कोकू मावशीच्या गळ्यात पडली, तिच्या हातातला चिमटा पाडला, वर बोलणीही खाल्ली. मग जिन्यात बसून आईला फोन लावला.

"म्हणजे मी मरत नाही?" आई म्हणाली.

"नाही."

"नक्की? मग ती कोंबडी राहू दे का? तुझ्या मामाने उगाच पाय बांधून ठेवलीय."

"काप की. आनंदाची काप."

"बघा, डॉक्टर व्हायच्या आधीच कापाकापी शिकवायला लागली. बरं, ऐक. टाके छान भरलेत. काही दुखत नाही, खुपत नाही. तू नीट जेव."

एडिथा हसत हसत रडली, आणि दोन्ही करून झाल्यावर तिला भूक लागली.

३

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं, अगदी परीक्षेच्या प्रश्नासारखं, "मेणातल्या ठोकळ्यात सूज वाढू शकते का?"

डॉक्टर हसले. "अगं, मेलेलं कधी सुजत नाही. प्रेताला कापलं तर एकही पेशी धावून येत नाही. जखम जिवंतपणी झाली की मेल्यावर, हे आपण कोर्टात त्यावरूनच तर सांगतो. सूज म्हणजे जिवंत मांसाने दिलेलं उत्तर."

"पण वेगवेगळ्या दिवशी वेगळं दिसलं तर?"

"खोली बदलली की देखावा बदलतो. कापत कापत तू आत जातेस. वरच्या थरात एक, खालच्या थरात दुसरं."

हे पटण्यासारखं होतं. ठोकळ्यातलं पाणी कधीच अल्कोहोलने ओढून घेतलेलं, अल्कोहोलच्या जागी झायलीन, त्याच्या जागी मेण. आत जिवंत राहायला काही शिल्लकच नव्हतं. खोली बदलली, बस. पण खोलीला वार कसे कळतात? तिला रविवार कोण सांगतं?

भीती वाटायला हवी होती. पण एडिथाला वाटत होता निव्वळ आनंद. कालपर्यंत नापास झालेल्या मुलीच्या वहीत असं काही होतं, जे कुणी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मावशी बर्फ आणायला गेली असताना तिने कंट्रोलचा ठोकळा काढला आणि ब्लेडने त्याच्या एका कडेला खाच पाडली. साधी, सरळ, तांदळाच्या दाण्याएवढी. ठोकळा कागदात गुंडाळून पुन्हा खणात ठेवला. शनिवार-रविवार ती तलावाकाठच्या खडकांवर बसून पुस्तक वाचत होती म्हणे, पण पान एकच उघडं होतं.

सोमवारी मावशीने काप घेतला, रंगवला, रंग बघितला आणि ठेवून दिला. एडिथाने तो उचलला.

खाच दिसत होती. पण रिकामी नव्हती. जिथे नुसती काच दिसायला हवी, तिथे कडेपासून आत कोवळ्या केसासारख्या रक्तवाहिन्या निघाल्या होत्या, त्यांच्या भोवती लांबट तरुण पेशी, आणि मलबा उचलणाऱ्या मोठ्या पेशी पोट भरून मध्ये बसलेल्या. पुस्तकातल्या चित्रासारखी भरत आलेली जखम. तीन दिवसांची.

तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हसू आवरेना.

"काय झालं?" मावशीने वळून विचारलं.

"काही नाही. छान रंगलंय आज."

मावशी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रंग बघितलास ना? मग पुरे."

४

उतावीळपणा हा एडिथाचा जुना रोग. परीक्षेत तिला नेमकं त्यानेच पाडलं होतं, आणि आता तो पुन्हा उसळला.

एका कापाने कुणाला पटणार? डॉक्टर म्हणतील, खाच आधीपासून असेल, योगायोग असेल. पण एकापाठोपाठ तीस काप दाखवले, वरपासून तळापर्यंत भरत गेलेली जखम दाखवली, तर कुणाची बोलती बंद होणार नाही? तिला आपलं नाव छापलेलं दिसू लागलं. आईला ते वाचून दाखवायचं आणि आई विचारणार, "यात मासे कुठे आहेत?"

बुधवारी जेवणाच्या सुटीत मावशी कॅन्टीनला गेली. एडिथाने ठोकळा पकडीत बसवायच्या आधी पट्टीने मोजला, सहज म्हणून. तीन मिलिमीटर. एका मिलिमीटरचे दोनशे काप होतात. म्हणजे सहाशे. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे. हा ठोकळा अडीच वर्षांत संपायला हवा होता. अकरा वर्षं झाली होती आणि तो नव्याइतका जाड होता.

म्झेंनी दहा ठोकळे करून ठेवले असतील, तिने स्वतःला समजावलं. खण उपसून पाहिला. एकच होता.

तिने चाक फिरवलं.

पहिले दहा काप लोण्यासारखे निघाले, एकाला एक चिकटून लांब फीत झाली. बाराव्याच्या सुमाराला फीत आखडायला लागली. तिने ठोकळ्याला बोट लावलं. पाच मिनिटांपूर्वी बर्फावरून उचललेला ठोकळा कोमट होता. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन येतं, तिने मनात म्हटलं आणि त्याला पुन्हा बर्फावर उपडा ठेवला. त्याच्याखाली बर्फ लवकर वितळला. शेजारचे ठोकळे होते तसेच होते.

विसाव्यानंतर चाक जड झालं. पाण्यावर सोडलेला काप एरवी पसरतो. हे काप पाण्याला लागले की आक्रसत होते, कडा आत ओढून घेत होते. पाणी थंड पडलं असेल. तिने थर्मामीटर बघितला. पाणी ठीक होतं.

थांबायचं, असं तिला दोनदा वाटलं. पण तीस म्हणजे तीस. शेवटच्या कापाला तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि खरं सांगायचं तर इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

घड्याळात अजून दहा मिनिटं होती. त्याच झपाट्यात तिने आईचा ठोकळा घेतला. डॉक्टरांना खोलातला काप हवा होता, तोही देऊन टाकू. पात्यावरून काप सुटला आणि त्याच पाण्यावर उतरला. दोन रुग्णांच्या मधे कागदाची पट्टी फिरवून पाणी पुसायचं असतं. लॅबमध्ये पाऊल टाकल्या दिवशी शिकवतात ते. आपण ते केलं की नाही, हे तिला पुढे कितीही आठवलं तरी आठवेना.

५

गुरुवारी सकाळी तीसच्या तीस स्लाइड रंगून तयार होत्या आणि एडिथा सहा वाजल्यापासून त्यांच्यावर होती.

पहिल्या दहांत सूज. अकरा ते एकोणीस, सूज इतकी, की मूळ भिंत शोधावी लागत होती. विसावी तिने डोळ्यांखाली ठेवली आणि तिची पेन्सिल थांबली.

तिथे भिंत नव्हती. खाच नव्हती. अपेंडिक्स म्हणता येईल असं काही नव्हतं. मोठमोठ्या काळपट केंद्रकांच्या पेशी एकमेकींवर चढल्या होत्या, कुणाचा आकार कुणाशी जुळत नव्हता, आणि पेशी विभागताना एकीच्या दोन होतात, तिथे इथे तीन होत होत्या. त्या तीन सरळ रेषेत नव्हत्या, तिरक्या, ओढाताण केल्यासारख्या. बाविसाव्यात जास्त. पंचविसाव्यात त्याहून जास्त. तिसाव्यात त्या पेशी कापाच्या कडेपर्यंत पोचल्या होत्या.

ही गाठ होती, आणि गरीब नव्हती. या वेळी तिचा पत्ता चुकला नव्हता. अर्ध्या तासात, कागदाएवढ्या जाडीत, सुजेची गाठ झाली होती. एडिथा भराभर चित्रं काढत गेली. जांभळी पेन्सिल बोटाएवढी उरली. छाती धडधडत होती, आणि ती आनंदाने धडधडते आहे की कशाने, हे तिला आता नीट सांगता आलं नसतं.

"किती काढलेस?"

मावशी दारात उभी होती. शिकामो नाही, मारहाबा नाही.

"तीस. मावशी, हे बघ, एकदा बघ तरी..."

"मी नाही बघत." मावशी येऊन स्टुलावर बसली. मग बोलली ती भिंतीकडे बघून. "म्झे स्वतः कापायचा तो. माझ्या हाती देत नसे. सकाळी काप घ्यायचा आणि या इथे, या स्टुलावर बसायचा. उजवा हात असा, कुशीत दाबून. पाच मिनिटं. शुक्रवारी जरा जास्त. मी विचारायची, म्झे, पाठ दुखते का? म्हणायचा, दिवसाला एक काप सोसतो."

"ठोकळ्याला?"

"मलाही तेच वाटलं. इतकी वर्षं वाटून घेतलं."

"पण ते गेलेत. सहा वर्षं झाली."

"गेला. मीच गेले होते मातीला." मावशीने आपले हात अंगावर गुंडाळलेल्या पदरासारख्या कांगेला पुसले. "आता कोण सोसतं, ते मी विचारत नाही. चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच कापते आणि पेशी बघत नाही. तुला हुशार म्हणत होते मी. त्यापेक्षा ढ असतीस तर बरं झालं असतं."

एडिथाला काही बोलायचं होतं. खोली बदलली की देखावा बदलतो, हे वाक्य ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात भिंतीपलीकडून डॉक्टरांनी तिला बोलावलं.

६

"काल पाणी पुसलं होतंस का?" डॉक्टरांनी विचारलं. रागाने नाही, गंमतीने.

आईची नवी स्लाइड मायक्रोस्कोपखाली होती. एडिथाने दुसऱ्या डोक्याला डोळे लावले. तीच ओळखीची गरीब गाठ, त्याच चपट्या नळ्या. आणि मध्येच, गुलाबी धाग्यांत, काळपट पेशींचं एक लहानसं बेट. तिने ते लगेच ओळखलं. सकाळपासून तिने त्यांचीच चित्रं काढली होती.

"पाण्यातून आलेला पाहुणा," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याच कुणाचा तुकडा तरंगत होता, तो आईच्या कापावर बसला. नवशिक्या हाताखाली आठवड्याला एक तरी येतो. घाबरू नकोस, आईचं काही नाही हे."

एडिथाला हायसं वाटलं. पाहुणा. अर्थात. असं होतंच.

"पाहुणा ओळखायचा कसा? सांग. परीक्षेत विचारतात."

"तो वरच्या पातळीवर असतो," एडिथा म्हणाली. "खालच्या कापाशी त्याचं नातं नसतं. फोकस वेगळा लागतो. आणि आजूबाजूच्या पेशींना त्याचा पत्ताच नसतो, त्या आपल्या..."

ती थांबली. बोलता बोलता तिने फोकसचा स्क्रू फिरवला होता. बेट आणि भोवतालचे धागे एकाच वेळी स्पष्ट झाले. एकाच पातळीवर. आणि बेटाच्या भोवती, आधीच्या स्लाइडवर मुळीच नव्हत्या त्या, लहान गोल जांभळ्या पहारेकरी पेशी, लिम्फोसाइट्स, जमल्या होत्या. तुरळक नाही. दाटीवाटीने, चहूबाजूंनी, कडं करून. दोन रक्तवाहिन्या फुगल्या होत्या आणि त्यांच्या भिंतींतून आणखी पेशी बाहेर पडत होत्या, सगळ्या एकाच दिशेला.

आईचं मांस उत्तर देत होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "भोवती बघा."

डॉक्टरांनी बघितलं. स्क्रू पुढे केला, मागे केला. पुन्हा पुढे. त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत हळूहळू गेली, पण तिच्या जागी काय आलं ते त्यांनी दिसू दिलं नाही. गरम होत होतं म्हणून की काय, त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"आधीपासून असेल ती सूज," ते म्हणाले. "खोलात. आपण वरचा थर पाहिला होता. योगायोग." मग भिंतीवर थाप मारून त्यांनी पलीकडे आवाज दिला. "कोकू, उकेरेवेच्या बाईचा ठोकळा घे. नवं पाणी, नवं पातं. आणखी आत जा, चाकाचे चांगले वीसेक फेरे, आणि मग काप दे."

"नको," एडिथा म्हणाली.

"कापल्याशिवाय कळणार कसं? आईच्या रिपोर्टवर मी योगायोग लिहू?"

एडिथाच्या खिशात फोन वाजला.

७

"किती वेळ लावतेस उचलायला," आई म्हणाली. मागे बाजाराचा गलबला होता, कुणीतरी माशांचा भाव ओरडत होतं. "काही नाही, सहज केला. तू डॉक्टरीण ना, म्हणून विचारते. ते टाके भरले होते ना गं?"

"हो." एडिथा फोन कानाला लावून बोळात आली.

"काल जेवायच्या वेळेला एकदम चटका बसला. मला वाटलं मुंगी चावली. तेव्हापासून लाल झालंय. हात लावला तर गरम लागतं आणि जरा फुगलंय. तुझा मामा म्हणतो हळद लाव, मी म्हटलं पोरीला विचारते आधी. ती कोंबडी खाल्ली म्हणून तर..."

भिंतीपलीकडे चाक फिरलं. किर्र.

आईचं वाक्य तुटलं. बाजार मागे तसाच ओरडत होता.

"आई?"

"काही नाही. कळ आली. थांब, जरा टेकते." किर्र. "एडिथा, अगं..." किर्र, किर्र. मग आईचा आवाज नाही, फक्त दातांतून ओढलेला श्वास, आणि टोपली कलंडून मासळी सांडल्याचा सळसळता आवाज.

एडिथाने दार ढकललं ते कोकू मावशीच्या खांद्यावरच आदळलं. तिने चाकावरचा मावशीचा हात दोन्ही हातांनी धरला. मावशीने तिच्याकडे बघितलं, कान-खांद्यात अडकवलेल्या फोनकडे बघितलं, आणि काही न विचारता चाक सोडून दिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. एडिथाने पकडीचा स्क्रू ढिला केला आणि ठोकळा काढून हातात घेतला. तो कोमट होता. तिच्या बोटांना वाटलं ते धडधडणं आपल्याच बोटांचं असणार, असं तिने ठरवून टाकलं.

"आई, बोल. काय होतंय आता?"

आई म्हणाली, दमलेल्या पण हलक्या आवाजात, "गेली गं कळ. एकदम गेली. आता कसं, बरं वाटतंय. कुणीतरी तळहातावर घेतल्यासारखं. तू काय केलंस?"

"काही नाही, आई. बसून राहा. फोन ठेवू नकोस."

डॉक्टर दारात आले होते, हातात सही व्हायचा रिपोर्ट. "झाला का काप?" त्यांनी विचारलं. कोकू मावशीने तीस वर्षांच्या सवयीने बर्फाचा ट्रे पुढे केला, जिथे पकडीतून निघालेला प्रत्येक ठोकळा जातो तिथे, आणि मग तिलाच कळलं, की तो गारठा कुणाला लागेल, आणि तिने ट्रे मागे ओढला.

"ठेव ना तो ठोकळा खाली, एडिथा," डॉक्टर म्हणाले.

फोनमध्ये आई मासळी गोळा करत होती, कुणाला तरी हसून काही सांगत होती. एडिथा ठोकळ्याभोवती मूठ मिटून उभी राहिली.